घरचं बी धरायचा हक्क कायद्यात आहे. पण हायब्रीड भोपळ्याच्या बियात तो उरतो का?

केंद्राच्या कृषी मंत्रालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा जाहीर केला आणि ११ डिसेंबरपर्यंत लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या जागी हा नवा कायदा आणायचा आहे. तेव्हापासून गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन मेसेज फिरत राहिले. एक म्हणतो, "आता घरचं बी पेरलं तर थेट जेल." दुसरा म्हणतो, "आता बोगस बियाणेवाल्यांची खैर नाही."

पहिला मेसेज खोटा आहे. शेतकऱ्यानं आपल्या शेतातलं बी ठेवावं, पेरावं, पुन्हा पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, बदलून घ्यावं, विकावं, याला मसुद्यात आडकाठी नाही. फक्त त्यावर ब्रँडचं नाव टाकून ते विकता येणार नाही. हा हक्क काही नवा नाही. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ मध्ये तो आधीपासून आहे.

दुसरा मेसेज अर्धा खरा आहे. मसुद्यात मोठ्या गुन्ह्याला ३० लाखांपर्यंत दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद सांगितलीय. वाणांची नोंदणी, पाकिटावर क्यूआर कोड अशाही गोष्टी आहेत. पण दंड सरकारजमा होतो, शेतकऱ्याच्या गेलेल्या हंगामाचं काय ते वेगळंच राहतं.

या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न राहून गेला. बी ठेवायचा हक्क आहे हे ठीक. पण दुकानातून आणलेलं बी ठेवण्यासारखं असतं का? आपल्या भागातले दुधी, दोडका, कारली, काकडी, लाल भोपळा लावणारे शेतकरी कृषी सेवा केंद्रातून जी पाकिटं आणतात, त्यातल्या बहुतेकांवर "एफ-१ हायब्रीड" लिहिलेलं असतं. ते बी धरायला कायदा अडवत नाही, पण निसर्ग अडवतो. कसा अडवतो हे एकदा समजून घेतलं, की पैसे कुठं घालायचे आणि सरकारकडं मागायचं काय, दोन्ही कळतं.

हायब्रीड बी तयार कसं होतं

वेलवर्गीय पिकात नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या खाली बारकं फळ असतं, नर फूल नुसत्या दांड्यावर येतं. हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. बियाणे तयार करणारे याचाच फायदा घेतात.

आधी दोन वेगवेगळ्या वाणांच्या शुद्ध ओळी तयार करतात. म्हणजे एकाच वेलाचा पराग त्याच वेलाच्या मादी फुलाला द्यायचा, त्याचं बी पेरायचं, पुन्हा तेच, असं कित्येक पिढ्या. शेवटी त्या ओळीतला प्रत्येक वेल दुसऱ्यासारखा होतो. मग अशा दोन ओळी शेजारी लावतात. एक आई, एक बाप. आईच्या वेलावरच्या नर कळ्या उमलायच्या आत रोज खुडून टाकायच्या. उद्या उमलणारी मादी कळी आदल्या दिवशीच झाकायची. दुसऱ्या दिवशी बापाच्या वेलावरचं नर फूल आणून त्यावर पराग लावायचा, पुन्हा झाकायचं, खूण बांधायची. त्या फळातून निघतं ते एफ-१ बी.

हे काम यंत्राचं नाही, हाताचं आहे, आणि बहुतेक बायकांच्या हाताचं. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाकडं गेलात तर भाजीपाला बीजोत्पादनाची शेडनेट दिसतील, त्यात हेच चाललेलं असतं. शेजारचं जालना तर बियाण्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथं महिको सुरू केली. पाकीट महाग का, याचं एक कारण ही मजुरी आहे. दुसरं कारण पुढं येईल.

पहिल्या पिढीचा जोम

दोन शुद्ध ओळींच्या संकरातून आलेली पहिली पिढी कधी कधी आई आणि बाप दोघांपेक्षा सरस निघते. वेल जोरकस, फळ लवकर, तोडे जास्त. याला संकर जोम म्हणतात. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी १९०८ च्या सुमारास मक्यात हे नीट दाखवून दिलं. आपल्याकडं १९७० मध्ये सुरतेच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस आणला, तो जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. दुधी भोपळ्यात दिल्लीच्या पुसा संस्थेनं १९७१ मध्ये पुसा मेघदूत आणि पुसा मंजिरी हे संकर दिले. म्हणजे हायब्रीड दुधी ही काही आजची गोष्ट नाही.

जोम येतो कुठून? प्रत्येक गुणासाठी बियाला आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी जनुकांची जोडी मिळते. एका ओळीत काही जनुकं कमकुवत असतात, दुसऱ्या ओळीत वेगळी. दोघांचं लग्न लागलं की आईचं उणं बापाकडच्या चांगल्यानं झाकलं जातं, आणि बापाचं उणं आईकडच्या. उणं गेलेलं नसतं, फक्त झाकलेलं असतं. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढच्या पिढीत झाकण उघडतं.

दुसऱ्या पिढीत काय होतं

याचा सगळ्यात चांगला हिशोब भोपळ्याच्याच कुळात झालेला आहे. आपल्याकडं हॉटेलवाल्यांसाठी झुकिनी लावतात ना, त्या जातीच्या भोपळ्यावर अमेरिकेत सिनॉट आणि डरहॅम या दोघांनी १९२२ मध्ये प्रयोग छापले. जीवशास्त्राच्या पुस्तकात आजही तेच उदाहरण देतात.

पांढऱ्या फळाची शुद्ध ओळ आणि हिरव्या फळाची शुद्ध ओळ यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी फळं पांढरी. एकसारखी. आता त्याच पांढऱ्या फळांचं बी धरून पेरलं. १६ वेलांमागं सरासरी १२ पांढरे, ३ पिवळे आणि १ हिरवा. पिवळा ना आई होती ना बाप. तो आत दडलेला होता.

आकाराचं त्याहून नवल. दोन गोल फळांच्या वेगवेगळ्या ओळी घेतल्या, तर पहिली पिढी सगळी चपटी आली. त्या चपट्यांचं बी पेरलं, तर १६ मागं ९ चपटे, ६ गोल आणि १ लांब. दोन गोल आजोबांच्या पोटी चपटा मुलगा आणि त्याच्या पोटी लांबुडका नातू. यात बियाण्यात भेसळ नाही, दुकानदाराची लबाडी नाही. जनुकांच्या जोड्या सुटल्या आणि नव्यानं जुळल्या, एवढंच.

ही नुसती दोन-दोन जनुकांची गोष्ट झाली. उत्पन्न, लवकर येणं, रोगाला टिकणं हे गुण कितीतरी जनुकांवर अवलंबून असतात. समजा, हायब्रीडमध्ये फक्त १० जोड्या अशा आहेत की ज्यात आईचं एक आणि बापाचं एक असं मिश्रण हवं. त्याच्या बियातून उगवणाऱ्या रोपात एकेक जोडी तशीच मिश्र राहायची शक्यता निम्मी. दहाच्या दहा तशाच राहायची शक्यता १०२४ मध्ये एक. हजार बिया पेरा, तेव्हा कुठं एखादा वेल मूळ हायब्रीडसारखा.

बाकीच्यांचं काय होतं? सरासरी निम्म्या जोड्या एकसारख्या होतात, झाकलेलं उणं वर येतं. इथं एक गैरसमज काढून टाकू. जोम निम्मा होतो म्हणजे उत्पन्न निम्मं होतं असं नाही. समजा आई-बाप ओळी ८० कॅरेट देतात आणि हायब्रीड १०० देतं. म्हणजे जोमाची कमाई २० कॅरेट. दुसऱ्या पिढीत त्यातली साधारण निम्मी जाते, ९० च्या आसपास माल निघू शकतो. मग कुणी म्हणेल, दहाच कॅरेटचा फरक, बियाण्याचे पैसे तर वाचले!

खरी मार वजनात नाही, बाजारात बसते. एकाच तोड्यात एक दुधी लांब, एक पोट सुटलेला, एक फिकट. एका वेलाला फळ लागलं, शेजारच्याला अजून फूल नाही. व्यापारी कॅरेट उघडतो, वरचा थर बघतो, खाली हात घालतो आणि भाव पाडतो. मांडव, ठिबक, औषध, मजुरी सगळा खर्च तेवढाच. बियाण्याचा खर्च एकूण खर्चात थोडाच असतो. थोडं वाचवायला जाऊन सगळ्या मालाची प्रतवारी घालवायची, हा व्यवहार बसत नाही.

पाकीट महाग असण्याचं दुसरं कारण आता कळलं असेल. आई-बाप ओळी ज्याच्या हातात, त्याच्याकडं दरवर्षी जावंच लागतं. कायद्यानं बी धरायला परवानगी दिली तरी कंपनीला त्याची फारशी चिंता नसते. कुलूप बियाच्या आतच असतं.

कडू दुधीचा धोका

घरचं बी धरताना दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती पैशाची नाही, जिवाची आहे.

आधी एक समज दुरुस्त करू. "शेजाऱ्याच्या भोपळ्यामुळं माझा दुधी बिघडला," असं ऐकायला मिळतं. लाल भोपळा आणि दुधी यांचा एकमेकांशी संकर होत नाही. काकडीचा खरबुजाशी होत नाही. पण खरबूज आणि चिबूड एकाच जातीचे, त्यांचा होतो. शिवाय बाहेरचा पराग आला तरी यंदाच्या फळाचा गर बदलत नाही, कारण गर हा आईच्या वेलाचा भाग आहे. बदल होतो तो आतल्या बियात. तो दिसतो पुढच्या वर्षी, ते बी पेरल्यावर.

आता दुधीचं बघा. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी तंबोऱ्या-सतारीसाठी जे भोपळे पिकवतात, जे मिरजेला जातात, तेही दुधीच्याच जातीचे. रानात, बांधावर उगवणारा कडू भोपळाही तोच. मधमाशी आणि रात्रीचे पतंग हे काही जात बघून फुलावर बसत नाहीत. कडूपणाचा गुण वरचढ असतो असं प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे गोड्या दुधीला कडव्याचा पराग लागला, तर पुढच्या वर्षी त्या बियाचा वेल कडू फळ देऊ शकतो. वरून बघून ओळखता येत नाही.

हा कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसानं आपल्या देशात मृत्यू झालेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये त्यावर अभ्यास करून कडू रस पिऊ नये, आधी छोटा तुकडा चाखून बघावा असं सांगितलं. जर्मनीत २०१५ मध्ये घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला. म्हणून दुधी, दोडका, काकडी, कोणतंही असो, चव कडू लागली की थुंका आणि फेकून द्या. "वाया कशाला घालवायचं" हा विचार इथं नको. खाल्ल्यावर उलटी, जुलाब, पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठा. आणि त्या वेलाचं बी चुकूनही धरू नका.

मग बी धरायचंच नाही का?

धरायचं. पण सरळ वाणाचं धरायचं. सरळ वाण म्हणजे ज्याचं बी पेरल्यावर आईसारखंच पोर निघतं.

इथं भोपळावर्गीय पिकांची एक खासियत आपल्या कामाची आहे. मका स्वतःच्याच परागावर चार-पाच पिढ्या वाढवला तर खुरटतो. भोपळा तितका खचत नाही. शास्त्रज्ञ याचं कारण असं देतात, की पिढ्यान् पिढ्या घराघरात दोन-चारच वेल लावले गेले आणि एखाद्या फळाचं बी पुढं नेलं गेलं. त्यात कमकुवत गुण आपोआप गळून गेले. आपल्या आज्या-पणज्या परसात छपरावर डांगराचा वेल चढवायच्या आणि एक फळ बियाला ठेवायच्या, तेव्हा नकळत हेच काम चाललं होतं. म्हणून या पिकात चांगला सरळ वाण हायब्रीडच्या जवळ येऊ शकतो.

असे वाण आपल्याकडं आहेत. आपल्या जिल्ह्यातल्याच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा सम्राट दुधी, हिमांगी आणि फुले शुभांगी काकडी. दापोलीच्या विद्यापीठाचा कोकण हरिता दोडका. बंगळूरच्या संस्थेचा अर्का चंदन लाल भोपळा आणि अर्का बहार दुधी. यातली हिमांगी मुळात दोन वाणांच्या संकरातूनच काढलेली आहे. संकर केला, मग पिढ्यान् पिढ्या निवड करत गुण पक्के केले. म्हणजे संकर हा शेतकऱ्याचा शत्रू नाही. संकर करून तिथंच थांबलं तर हायब्रीड, निवड करत पुढं गेलं तर सरळ वाण. पहिल्यात बी दरवर्षी विकत, दुसऱ्यात बी घरचं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपण्यासाठी. त्यांचं काम आपण कौतुकानं बघतो, फोटो शेअर करतो. पण त्यामागं शिस्त आहे, ती उचलायला हवी.

बी धरायची शिस्त अशी. बियाणे प्रमाणीकरणात या पिकांसाठी दुसऱ्या वाणापासून अर्धा ते एक किलोमीटर अंतर राखायला सांगतात. आपल्या तुकड्यांच्या शेतीत ते जमत नाही. मग फूल बांधायचं. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी एक मादी आणि दोन-तीन नर कळ्या दोऱ्यानं बांधून ठेवा. सकाळी लवकर नर फूल तोडून, पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाला चोळा आणि मादी फूल पुन्हा बांधा. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळं त्याची कळी दुपारीच बांधायची आणि पराग संध्याकाळी लावायचा. नर फूल त्याच वाणाच्या दुसऱ्या निरोगी वेलाचं घ्या. खुणेला रंगीत दोरा बांधा. बी धरायचं ते एका नाही, आठ-दहा चांगल्या वेलांवरून. वेल निवडताना सगळ्यात मोठं फळ बघून भुलू नका. लवकर लागलेला, जास्त फळांचा, रोग न आलेला वेल बघा. फळ वेलावर पूर्ण पिकू द्या. आणि बी काढताना प्रत्येक फळाचा बारीक तुकडा जिभेला लावून बघा. कडू असेल तर ते बी बाद.

हायब्रीड लावायचं असेल तर

हायब्रीड वाईट, असं या लेखाचं म्हणणं नाही. बाजारासाठी लवकर आणि एकसारखा माल हवा असेल, हंगाम गाठायचा असेल, तर हायब्रीड लावणारा शेतकरी शहाणाच आहे. फक्त विकत घेतो त्याचा हिशोब घ्यायला शिकलं पाहिजे.

पाकिटातल्या एफ-१ बियाचे वेल सगळे एकसारखे निघाले पाहिजेत. निम्मे वेगळेच निघाले तर समजा बीजोत्पादनात नर कळ्या खुडायच्या राहिल्या किंवा बाहेरचा पराग शिरला. ती जबाबदारी विकणाऱ्याची. अशा वेळी पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. एकूण वेल किती, वेगळे किती, हे मोजून लिहा, फोटो काढा. पक्कं बिल, रिकामं पाकीट, त्यावरचा लॉट नंबर आणि मूठभर शिल्लक बी जपून ठेवा. शेतकरी हा ग्राहक आहे आणि ग्राहक मंचात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलंय. मात्र हायब्रीडचं बी घरी धरून पेरलं आणि त्यात रंगीबेरंगी माल निघाला, तर कुणाकडंच दाद नाही.

मागायचं काय

बियाणे विधेयकावर बोलताना आपण दंडाच्या आकड्यावरच अडकलो. दंड ३० लाख असो की ५० लाख, त्यानं गावात चांगलं बी येत नाही. आपल्याला तीन गोष्टी मागायला हव्यात.

पहिली, पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरात "संकरित – पुढच्या वर्षी बी धरू नये" किंवा "सरळ वाण – बी धरता येते" असं छापा. कोपऱ्यात इंग्रजीत एफ-१ लिहून भागणार नाही. क्यूआर कोड असावा, पण तो स्कॅन केल्यावर लॉट नंबराबरोबर हेही मराठीत दिसलं पाहिजे.

दुसरी, विद्यापीठांच्या सरळ वाणांचं बी हंगामाच्या आधी तालुक्याला मिळू द्या. सम्राट दुधी चांगला आहे हे पुस्तकात वाचून उपयोग नाही. दुकानात मागितल्यावर तो मिळत नसेल, तर शेतकरी समोर असलेलं पाकीट उचलणारच. गावातले गट, शेतकरी कंपन्या हे बी वाढवून देऊ शकतात, त्यांना पायाभूत बियाणं आणि शिकवणारा माणूस द्या.

तिसरी, बियाणं सदोष निघालं तर दंडाबरोबर शेतकऱ्याला ठरलेल्या मुदतीत भरपाई, हे कायद्यातच लिहा. मंचात वर्षानुवर्षं तारखा घेणं दोन एकरवाल्याला झेपत नाही.

बी धरायचा हक्क कागदावर शाबूत आहे, याचा आनंदच आहे. पण ज्या गावात धरण्यासारखं बीच उरलं नाही, तिथं त्या हक्काचं लोणचं घालायचं का? येत्या हंगामात मांडवाच्या एका कडेला सरळ वाणाचे दहा वेल लावा, त्यातली चांगली फळं बियाला राखा. बाजारासाठी पाकीट आणा, पण एक डबा घरच्या बियाचा भरून ठेवा.